निशाणी चौदा

डुलुथ. फेब्रुवारी. सरोवर काठापासून गोठत गेलंय,
लोखंडाच्या मातीची जहाजं धक्क्याला बांधून पडलीत.
कोर्टामागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
हीटर खोकतो,
आणि मी, केर्टू निएमी,
ज्यांना वकील परवडत नाही त्यांची वकील,
रात्री साडेबाराला यंत्राला विचारते:
पोटातल्या जखमेतून
किती मिनिटांत किती रक्त जातं?

माफ करा, ते म्हणतं, यात मी मदत करू शकत नाही.
तुम्ही संकटात असाल तर या क्रमांकावर बोला.
खाली क्रमांक.

मी वकील आहे, मी लिहिते.
ते म्हणतं, ते मला पडताळून पाहता येत नाही.
(माझ्या आईलाही शेवटपर्यंत पटलं नव्हतं.)
पुन्हा क्रमांक.

शवविच्छेदनाचा अहवाल समजून घ्यायचाय.
क्रमांक.

मग मी म्हणते, बरं, समज, कादंबरी लिहितेय.
एक स्वयंपाकघर, दोन मावसभाऊ, एक चाकू.
तर ते सावरून बसतं, मिनिटांसकट सगळं सांगतं,
वर खिडकीच्या पडद्याचा रंगही सुचवतं.
बावीस वर्षं मी माणसांना शपथेवर उभं करतेय,
आणि इथे खरं बोलले तर दाराबाहेर,
खोटं बोलले तर पाटावर.

तरी रागावू कुणावर?
हे उत्तर ज्यांच्या हाती पडू नये
असेही आहेत या शहरात.
त्यांचीही वकीलपत्रं
माझ्याच कपाटात आहेत.

टेबलावर निशाणी चौदा.
वेंडेल हूल, वय एकोणीस, माझा अशील,
त्याच्या फोनमधलं एक पान.
रात्री अकरा बावन्न:
किती रक्त गेल्लं की माणूस मररतो
आणि खाली तेच माफ करा,
तोच सभ्य, इस्त्री केलेला नकार.
सरकारी वकील परवा म्हणाले,
हा घ्या हेतू. यंत्रालासुद्धा वास आला.

वेंडेल म्हणतो, ऑर्विल तेव्हा जमिनीवर होता,
माझा डावा हात टॉवेलवर होता,
उजव्याचा अंगठा ओला.
मी त्याच्यावर विश्वास ठेवते.
पण माझा विश्वास निशाणी म्हणून दाखल होत नाही,
आणि रुग्णवाहिकेला फोन आहे अकरा अठ्ठावन्नचा.
सहा मिनिटं.
सहा मिनिटं तू काय करत होतास, वेंडेल?
काचेपलीकडे तो नुसता मान हलवतो,
आठवत नाही.

पावणेदोन. कॉफीवर साय धरलीय.
कॉल्सची यादी मी अकराव्यांदा वाचतेय,
म्हणजे डोळे वाचतायत, मी नाही.
अकरा चोपन्न: एक टोल-फ्री क्रमांक.
तपास अधिकाऱ्याने समासात लिहिलंय, जाहिरातवाले असावेत.
मीही महिनाभर तेच मानत आले.

शेवटचे चार आकडे.
मी मान वर करते.
पडद्यावर, माफ करा च्या खाली,
तेच चार आकडे.
आज रात्री तीनदा मला दिलेले,
तीनदा मी न वाचता वर सरकवलेले.

तो नकार त्याने शेवटपर्यंत वाचला होता.
जे सांगितलं ते केलं होतं.
पोरगा आज्ञाधारक, त्याची शाळेतली बाई म्हणाली होती,
आणि मी ते टिपूनही घेतलं नव्हतं.

यादीत कॉलची लांबी: तीन मिनिटं, एकोणपन्नास सेकंद.

बाहेर बर्फ खरवडणारी गाडी उतारावरून जाते,
तिचा पिवळा दिवा छतावर फिरून निघून जातो.
मी फोन उचलते, तो क्रमांक लावते,
स्पीकर चालू करून घड्याळ समोर ठेवते.

आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
मग पियानो.
एक मिनिट.
दोन.
माझा डावा हात
कधी कुणास ठाऊक,
फाइलवर घट्ट दाबून धरलेला.