अळणी

एल्डन झ्विकरनं टपालाची पिशवी माझ्या खांद्यावर दिली
तेव्हा बरोबर एक पत्र्याचा डबाही दिला.
एकतीस वर्षं, म्हणाला, हाच खरा परवाना.
गणवेश काय, कुणीही शिवून घेतं.

डब्यात बिस्किटं. बोटाएवढी, करडी,
सुंभाचे तुकडे करून ठेवावेत तशी.
एक मला तिथंच खायला लावलं.
आपण चावलं नाही ते दुसऱ्याच्या तोंडापुढं धरू नये, म्हणे.
चव? भिंतीला असते तेवढी.

तेव्हापासून रविवारची संध्याकाळ त्याच्या स्वयंपाकघरात.
बाहेर धुकं, धुक्यात कुठंतरी बंदर,
अंगणात लॉब्स्टरचे रिकामे पिंजरे एकावर एक.
आत परातीत ओटचं पीठ, उकडलेला लाल भोपळा, एक अंडं,
आणि हॅडॉकची वाळवलेली कातडी, कॉफीच्या गिरणीत दळलेली.
(त्या गिरणीतली कॉफी आता कुणी पीत नाही.)
कांदा नाही. मनुका नाहीत.
मीठ तर मुळीच नाही.
चिमूटभर घातलं तर? मी पहिल्याच रविवारी विचारलं होतं.
"मग ती माणसांची होतात, डार्लीन."

पातळ लाटायचं, सुरीनं कापायचं.
हाडाच्या आकाराचा साचा त्याला कुणीतरी भेट दिलेला,
तो खिळ्याला टांगलाय, अजून कोरा.
कुत्र्याला आकार कळत नाही, वेळ कळते.

एकदा भाजायची. उलटायची. पुन्हा भाजायची.
मग ओव्हन बंद करून दारात लाकडी चमचा अडकवायचा,
फट ठेवायची, आणि रात्रभर तिकडं फिरकायचं नाही.
घाई केली की पोटात ओल राहते,
ओल राहिली की बुधवारपर्यंत बुरशी.
मी दोनदा घाई केली. दोनदा बुधवार आला.

कॉर्कमांच्या फाटकात एक काळा आहे,
त्याच्या पणजीनं एल्डनची पोटरी फाडली होती.
वारसा म्हणून तो मला रोज सगळे दात दाखवतो,
विजेचं बिल हातात घेऊन मी उभी राहते,
दुसऱ्या हातानं खिशातला डबा हलवते. खडखड.
जे शेपूट नळीत घालूनही सरळ व्हायचं नाही
ते झाडूसारखं अंगण झाडायला लागतं.
कडाड्, कुर्रम, आणि रस्ता मोकळा.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
ह्यांनी तर मीठ खाल्लेलंच नाही.

एल्डनचे कान गेलेत. यंत्र ड्रॉवरमध्ये असतं,
जुन्या तिकिटांच्या चवडीखाली.
मी बिस्किट मोडते, तो माझ्या तोंडाकडे बघतो: मोडलं?
माझ्या शब्दावर त्याचा विश्वास नाही.
म्हणून मॅकरलला हाक मारतो.
तेरा वर्षांची, एक डोळा दुधाळ,
ती येते, बसते, तोंड उघडते,
आणि तो तिच्या जबड्याखाली तळहात धरतो.
हाडातून हाडात कुरकुर चढते, कोपरापर्यंत जात असावी.
"झालीत," म्हणतो. मग डबा भरायचा.

मागच्या रविवारी तिनं एका बाजूनं चावून पाहिलं,
दुसऱ्या बाजूनं पाहिलं,
आणि ते अख्खंच्या अख्खं
त्याच्या बुटावर ठेवलं, हलकेच, परत आलेल्या पत्रासारखं.
तो बराच वेळ बुटाकडे बघत राहिला.
मी उगाचच ओटा पुसला.

आज ओट्यावर दोन ताटं आहेत.
मोठं गावाचं. छोट्यात सहाच वड्या,
एकदाच भाजलेल्या, वरून कोमट पाणी शिंपडलेल्या.
का ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.
गावासाठीची कडक झाली की नाही
हे आता कुणी ठरवायचं, तेही राहून गेलं.

मॅकरल येते, बसते.
तो तळहात धरतो, नेहमीच्याच जागी.
जबडा हलतो. आवाज नाही, कंप नाही,
लापशी खाल्ल्यासारखं काहीतरी.
वडी संपते.
हात तिथंच राहतो.

मी भांडी विसळायला घेते.