उसवण

पहिल्या गावाचं नाव मी उसवलं नाही, आईनं उसवलं.
सन बहात्तर. सेंट ओलाफ क्रॉसिंग.
तिथं खरोखर नदी होती, नदीवर तारेनं ओढायची नाव,
दोन मोटारी नि एक घोडा मावेल एवढी.
ती ओढणाऱ्यांची पोरं हिवाळ्यात त्याच पाण्यावर खेळायची,
म्हणून संघ फेरीमेन.
छातीवर फुलीसारखी दोन वल्ही,
वर कमानीत गाव, एकेक अक्षर फेल्टचं, हातानं कापलेलं.

मग पूल झाला.
नाव गेली, नाव राहिलं.
पुलावरून आले त्याहून गेलेच जास्त.
पीठगिरणी, शाळेचे वरचे वर्ग, दंतवैद्य.
एका फेब्रुवारीत पहाटे रिंकचं छप्पर बर्फानं बसलं.
आत कोणी नव्हतं. मांजर होतं. ते वाचलं,
हे अजून सांगतात लोक, बाकी विसरले तरी.

संघ एका डॉलरला विकला गेला.
पावती माझ्याकडे आहे, डॉलर कुठं गेला माहीत नाही.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,
यांचं बसच्या पोटात: काठ्या, पॅड, ओल्या मोज्यांचा वास.
बाबा बस चालवायचे.
आईनं मांडीवर शिलाई मशीन धरलं नव्वद मैल, हार्लो सायडिंगपर्यंत.
तिथं नदी नव्हती. ओढासुद्धा नाही.
गहू, धान्याचं उंच कोठार, आणि वारा, कोणाच्या बापाला न ऐकणारा.
लोक विचारायचे, वल्ही कशाला?
आई म्हणायची, पक्की शिवलीत, काढली तर छाती फाटेल.
जर्सीची, असं मागाहून म्हणायची.

बावीस हिवाळे तिथं.
सोळा-सतरा वर्षांची परकी पोरं आमच्या तळघरात झोपायची.
लॉर्न ह्रित्सयूक एका बैठकीला डझनभर अंडी.
एमरी नटोमेगन, गोली, उत्तरेकडच्या तळ्यांवरून आलेला,
रात्री स्वयंपाकघरात उभा राहून रडायचा
फ्रिजचं दार उघडं ठेवून,
म्हणजे मला वाटावं, खातोय.
मी जिन्यावर बसून राहायचे. वर यायचे नाही, खाली जायचे नाही.
सकाळी दूध कोमट असायचं.

मग रेल्वेनं रूळ उचलले. रूळ उचलता येतात,
हे मला तोवर माहीत नव्हतं.
कर्लिंगच्या हॉलमध्ये हात वर करून मतदान झालं.
बाबांनी हात वर केला नाही, खालीही ठेवला नाही,
टोपी काढली नुसती.

दुसऱ्या गावाचं नाव मी उसवलं.
ब्लेड आडवं धरायचं, धागा कापायचा, कापड नाही.
तरी भोकं राहतात.
तिसऱ्या गावाचं नाव लांब होतं, त्यानं बहुतेक झाकली.
मी हलले नाही. ते दर मंगळवारी जर्स्या घेऊन चाळीस मैल यायचे.

आता शहर. मॉलशेजारचं रिंक, वर खुर्च्यांना गाद्या.
मालक चांगला माणूस आहे, ब्रेंट कॉसिक, फोनवर तीनदा आभार म्हणाला.
नवं नाव विजेचं काहीतरी.
अक्षरं छापून येतात म्हणे, टाक्यांची गरज नाही.
जुन्या सगळ्या माझ्याकडे पाठवल्या, चार खोकी,
टाकून द्या किंवा ठेवा.

परवा अंगणात ट्रक थांबला.
एमरी. दाढी पांढरी, गुडघा वाकत नाही.
मुलासाठी तीस नंबरची मागितली.
मी विचारलं, वर कुठलं गाव लावू? तिन्ही निघतील खोक्यात.
तो जर्सी खिडकीशी धरून बघत राहिला,
भोकांतून बारीक बारीक उजेड येत होता, वाचता येईल असा नाही.
मग वळून म्हणाला,
फ्रिज तोच आहे का?

तोच, म्हटलं.
त्यानं दार उघडलं
आणि उभा राहिला.
मी जिन्यावर जाऊन बसले.