शेऱ्याचा रकाना

सावखेड्याजवळ तापी दोन फाटे होते
आणि मधे एक बेट ठेवते.
पुरात त्याच्या फक्त बाभळी दिसतात, त्याही गळ्यापर्यंत.
एप्रिलात उलटं. बेटच बेट, नदी कुठेच नाही.
दोन्ही फाट्यांतून बैलगाडी जाते धूळ उडवत,
तरी लोक म्हणतात, "बेटावर गेलो होतो."

माझं काम पाणी वाचायचं.
सकाळी आठ, संध्याकाळी सहा,
पट्टीपाशी जायचं, आकडा बघायचा, वहीत उतरवायचा.
वीस मार्चपासून शून्य लिहितोय.
शून्यसुद्धा जाऊन बघावं लागतं
हे साहेबांना पटतं,
बायकोला नाही.

वाट सुपडू भोयाच्या डांगरवाडीतून जाते.
सगळ्या ओळी दोरी धरून काढलेल्या,
चौथी मात्र मधेच कोपरासारखी वळते,
रिकाम्या जागेला वळसा घालते
आणि पुन्हा सरळ होते, काही झालंच नाही अशी.
मला वाटायचं, खाली खडक असेल.
किंवा त्या दिवशी दोरी तुटली असेल.
चाळीस दिवस मी तो वळसा बघितला
आणि खडकावर भागवलं.

रात्री काठावर खाट टाकली की
बेटावरून ओरडणं यायचं,
आधी एक, मग चढत चढत भराभर,
जसा बादलीविना सोडलेला रहाट.
पोरं म्हणायची भूत, शाळेतले पाटीलसर म्हणायचे करवानक.
मी कूस बदलायचो.

परवा सुपडूला सहज विचारलं, ही ओळ अशी का?
तो कमरेतून उठलाही नाही.
हनुवटी केली तिकडे, हात नाही केला.
"तठे दख."
दिसली वाळू. गोटे. वाळलं शेण,
उन्हानं तडकलेली डांगराची साल,
पुरानं आणून टाकलेल्या चपलेचा अर्धा तळवा.
"दिखनं नई का?"
नाही.
"पाखरू नको धुंडू, भाऊ. डोया धुंड."

ऊन डोक्यात घुसत होतं.
गोट्यांमागून गोटे तपासले, तलाठी सातबारा तपासतो तसे.
आणि एका गोट्याला डोळा होता.
पिवळा, वाटोळा,
केव्हाचा माझ्यावर रोखलेला.
मग त्या डोळ्याला चोच आली,
चोचीला मान, जमिनीला सपाट लावलेली,
पंखावर खडूची रेघ,
पोटाखाली दुमडलेले जाड गुडघे.
वाळूतून कोणी तिला वर काढलं नव्हतं,
ती वाळूच होती, फक्त बसलेली.

पावलापासून चार हातांवर.
दिवसातून दोनदा, चाळीस दिवस, म्हणजे ऐंशी वेळा
मी इथून गेलो, आणि ऐंशी वेळा
तिनं माझी नोंद घेतली असणार.
तिच्या वहीत मी शून्य नव्हतो.

"नाव काय रे तिचं तुमच्यात?"
"नाव कसानं? आम्ही तिले 'ती' म्हनतस."
जरा थांबून, खुरप्याची माती अंगठ्यानं काढत,
"ती तठे बठनी, मंग मी येल सरकायात."

घाम डोळ्यात गेला म्हणून पापणी मिटली,
उघडली तर गोटे. सगळे गोटे.
मी पुन्हा शोधू लागलो तसा सुपडू हसला,
एक डांगर बुक्कीनं फोडून अर्धं माझ्या हातात दिलं.
बिया थुंकायच्या तर कुठे, हेही मला कळेना.
गिळल्या.

संध्याकाळी पट्टी कोरडीच.
वहीत शून्य लिहिलं.
पुढे शेऱ्याचा रकाना आहे,
बावीस वर्षं त्यात एकच शब्द लिहिलाय, निरंक.
पेन तिथे टेकवून बराच वेळ उभा राहिलो.
साहेब विचारतील, पाण्याशी याचा काय संबंध?
रकाना तसाच सोडला. कोरा.

अंधारताना परत निघालो
तर चौथ्या ओळीपाशी पाय आपोआप वाकडे पडले.
मागे काठाकडून रहाट सुटला,
आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाकडून
दुसरा.