मुक्कामी गाडी

गंगवाल स्टँडवरून सहा चाळीसची,
देपालपूरला उतरून दुसरी,
पुढं साडेतीन किलोमीटर बद्रीलालच्या मोटरसायकलवर,
दुधाच्या दोन कॅनांच्या मधे,
कागदांची पिशवी पोटाशी धरून.
जामन्या कांकड.
सोळा दिवस मी इथं माणसं मोजते आहे.

आधी गावाचा तक्ता भरायचा असतो.
पक्का रस्ता: आहे, रपट्यापर्यंत.
बसची सोय: आहे, एक.
रेल्वे स्टेशन: गौतमपुरा रोड, अकरा किलोमीटर.
वारा तिकडून असला तर कमी,
मालगाडीची शिट्टी थेट पटेलांच्या गोठ्यात येते
आणि म्हैस पान्हा चोरते.
तसा रकाना नाही.

मग घरं. चौकटीवर गेरूनं नंबर.
एकशे सातला धापूबाई.
किती जण? चार.
दारात चपला मात्र नऊ जोड.
"पाँच जने पीथमपुर में हैं, बेन,
शनीचर की गाडी से आते हैं."
मी विचारते, सहा महिने तिथंच राहतात ना?
ती विचारते, आणि शनिवारी इथं जेवतात
ते कशात धरता?

एकशे एकतीसला मुलाचं जन्मस्थान विचारलं.
रामकन्या पदर तोंडाशी नेऊन हसली.
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, म्हणाली, रपट्यावर,
पाणी उतरायची वाट बघताना,
चार बाया गोधड्या धरून उभ्या.
अलीकडं की पलीकडं?
मला गाव लिहायचं असतं हो.
तिनं सासूकडं पाहिलं, सासूनं मुलाकडं.
"बीच में," तो म्हणाला. सात वर्षांचा.
हे त्याला इतकं पाठ होतं
की समासात मी ते पेन्सिलीनं लिहून ठेवलं.

चंबळ इथं अजून लहान आहे.
उन्हाळ्यात कोंबडीसुद्धा ओलांडते.
खूप पुढं गेल्यावर म्हणे तिच्यात मगरी असतात.

एकूण सहाशे बारा.
सकाळी सातला गाडी सुटली की चारशेसुद्धा नाहीत.
बिडवई सर म्हणतात, मॅडम,
घड्याळ नाही बघायचं, रहिवास बघायचा.

शेवटच्या दिवशी बद्रीलालचा टायर बसला
आणि मी राहिले.
म्हणून गाडी परत येताना पहिल्यांदा पाहिली.
आधी चक्कीच्या पत्र्यावर उजेड पडला,
मग ती आली, आणि उतरत राहिली माणसं
टिफिन, खताची गोणी, झोपलेलं पोर घेऊन.
आता नंबरानंच ओळखते मी सगळ्यांना:
एकोणतीस. चौऱ्याऐंशी. एकशे सहाचा धाकटा.
गाडी रिकामी झाली
तरी दोघं उरले.

ड्रायव्हर इसराक खाँ. क्लीनर फत्तू.
टपावर गाद्या, कॅरिअरला बांधलेली मच्छरदाणी,
शिडीच्या पायाशी स्टोव्ह.
किती दिवस असे?
"गाडी लगी तब से. नौ साल."
इसराकचं घर बडनगरला, महिन्यात दोन रात्री.
फत्तूला विचारलं तर त्यानं
कणकेच्या हातानं बसकडं बोट केलं.
तुमच्याकडं कुणी आलं नाही मोजायला?
"सात बजे हम निकल जाते हैं, बेनजी,
दस बजे आप लोग आते हो."

पिशवीत गेरू उरला होता.
बसच्या दाराशी मी जरा उभी राहिले.
पत्रा आहे, छप्पर आहे, आत जायला स्वतंत्र दार.
तिथं आधीच पुष्कळ लिहिलेलं:
महिला सीट, परमिट, हॉर्न द्या.
थोडी जागा शिल्लक होती.

सहाशे बारा खोडून सहाशे चौदा केले.
उद्या सर घर नंबर विचारतील,
मी काहीतरी सांगेन.
धापूबाईनं आतून हाक मारली, भाकरी निवतेय.
दारात माझी चप्पल दहावी.
"सात बजे," फत्तू टपावरून ओरडला,
"आगे की सीट रोक के रखूँ?"