घर समाविष्ट

महापालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर
पंखा बंद करून नकाशा पसरलाय.
वारा लागला तर मंगळवार पेठ उडून
थेट उद्यमनगरावर बसते,
म्हणून कोपऱ्यांवर पेपरवेट, स्टॅम्पपॅड, माझा डबा
आणि चौथ्यावर घुणके मॅडमचा चष्मा.
त्यामुळं मॅडमना आज काही दिसत नाही.

आदेश सरळ आहे.
उत्तरेकडून सुरुवात करा, मग ईशान्य, मग पूर्व,
शेवट दक्षिणेत.
प्रगणक गट फोडू नका.
नाला, नदी, मोठा रस्ता ओलांडू नका.
दहा टक्के इकडंतिकडं चालेल.

गट क्रमांक दोनशे सतरा : सहाशे एक्केचाळीस.
हा आकडा मीच आणलेला, दारोदार फिरून.
पोरं किती विचारलं की बाया आधी हाका मारायच्या
आणि जेवढी धावत येतील तेवढी सांगायच्या.
त्यातच एक यशवंत दादू साळोखे,
वय बावन्न, फाउंड्रीत मोल्डर.
माझ्या खांद्यावरून रकान्यात डोकावत म्हणाला,
"मोल्डर काय लिवतोस गा? गोलकीपर लिव."
तसा रकाना नव्हता.

बंडा जाऊन तीन वर्षं झाली.
आकड्याला कुणी कळवलेलं नाही.

परवा कडक इस्त्रीचे पांढरे कपडे येऊन गेले.
आत कोण होतं ते विचारायचं नसतं.
"सायेब, पेन्सिल तुमच्याच हातात हाय.
गवंडी गल्ली तेवढी नाल्याच्या अल्याड घ्या की.
तीनशे मतं हायती, अन् आमच्या तालमीचा ढोल."
मी म्हटलं, नाला हलवायचं खातं दुसरं, तळमजल्यावर.
ते हसले, चहा सांगतो म्हणाले आणि गेले.
चहा काही आला नाही.

मग प्रारूप लिहायला घेतलं.
पूर्व : जयंती नाल्यावरील लहान पुलापासून
नाल्याच्या काठाने दक्षिणेकडे
श्री. यशवंत साळोखे यांचे घरापर्यंत,
तेथून पश्चिमेस
'श्री.'पाशी परत आलो.
'कै.' लिहिलं तर मॅडम म्हणतील खूण बदला,
आणि त्या वळणावर दुसरी खूण नाही,
एक विजेचा खांब आहे, तोही वाकलेला.
'श्री.' तसंच ठेवलं.

सुनावणीला एकशे नव्वद हरकती.
पैकी दीडशे एकाच हस्ताक्षरात,
एकाच चुकीसह : प्रभागाच्या जागी 'प्रभाव'.
क्रमांक एकशे बारा, आनंदी यशवंत साळोखे,
पदर सारखा करत उभ्या.
"माझी हरकत न्हाई. दोन बशी बदलून आलो ते एवढंच इचाराय.
ह्यांचं नाव छापून आलंय,
तवापास्नं गल्ली मलाच इचारती,
तुमची रेघ आमच्या उंबऱ्याच्या आतनं जाती का भाईरनं?"

साहेबांनी नियम वाचला. नियमात उंबरा नव्हता.
मला बोलायची परवानगी नसते, तरी बोललो :
"वैनी, बंडा आयुष्यभर रेघेवरच उभा राहिला.
चेंडू पुरता पल्याड गेल्याबिगर
गोल न्हाई म्हणायचा."
त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं.
"व्हय. अन् गेलेला बी न्हाईच म्हणायचा.
रेफ्रीसंगं भांडून घरला याचा,
भाकरी गार."
साहेब घड्याळाकडं बघत होते.
इतिवृत्तात नोंद झाली : हरकत क्र. ११२, निकाली.

आज अंतिम प्रत.
'यांचे घरापर्यंत' ह्याच्यापुढं
दोन शब्द वाढवले, घर समाविष्ट,
आणि खाली सही केली.
मॅडमनी चष्मा उचलला तसा
शहराचा एक कोपरा गुंडाळून वर आला.
तो तळव्यानं दाबून धरला
आणि दुसऱ्या हातानं बेरीज पुन्हा एकदा तपासली.
दोनशे सतरा : सहाशे एक्केचाळीस.
बरोबर आली.