पावती क्रमांक दोनशे बारा

दौलतगंजात जिना चढलं की उजवीकडे
आमच्या न्यासाची खोली : एक कपाट, दोन पंखे,
आणि प्राप्तिकराच्या सवलतीचं प्रमाणपत्र,
काचेत मढवलेलं, गणपतीच्या जरा वर.
तेवीस वर्षं मी इथे पावत्या फाडते.

चंद्रभागाबाई टेंबे आल्या वैशाखात,
पदराच्या गाठीत एक्कावन्न रुपये.
वाचनालयाची खिडकी फुटलीय म्हणाल्या,
पोरींच्या वह्यांवर धूळ बसते, काच बसवा.
पावती क्रमांक दोनशे बारा.
सवलतीचं सांगायला गेले तर हसल्या.
कर लागावा एवढं त्यांच्याकडे
कधी आलंच नव्हतं.

दोनशे तेरा : अकरा लाख.
देणारा आला नाही, धनादेश आला.
धनादेशामागे फोन, फोनमागे
विश्वस्त शिर्केसाहेबांचा मऊ झालेला आवाज.
हेतूच्या रकान्यात काय लिहू?
'लिहा की, जनजागृती.'
तोच शिक्का, तीच जांभळी शाई, माझीच सही.

श्रावणात आणखी एक न्यास जन्मला.
जिना आमचाच, पाटी तेवढी नवी.
आम्ही त्याला दिले, त्यानं भिंडच्या एका संस्थेला,
तिनं परत आम्हाला, 'सहकार्य निधी' म्हणून.
आहेराची साडी फिरते तसे पैसे फिरले,
घडी न मोडता, या घरून त्या घरी,
आणि पहिली कोणी दिली
हे विचारणं शिष्टाचारात बसत नाही.

दिवाळी झाली, निवडणूक आली, घडी मोडली.
सातशे रिक्षांच्या पाठीवर फलक.
गजकच्या पुड्यांवर छापील कागद.
एका मुलाला तीन महिने पगार,
लोकांना फोन करकरून
त्यांना कशाची भीती वाटते ते टिपायचा.
कुठे नाव नाही, चिन्ह नाही.
'सोचकर वोट दें', एवढंच,
आणि खाली एका फुटक्या नळाचं चित्र.
तो नळ कुठला, कोणाच्या कारकिर्दीत फुटला,
हे सगळ्या लष्करला पाठ.

'धर्मादाय संस्था पक्षाचं काम करत नाही.'
शिर्केसाहेब हे वाक्य इतकं सावकाश म्हणतात
की दोन शब्दांमधून प्रचाराची जीप जाईल.

मुन्ना कुशवाह भाडं न्यायला आला,
पाचशेच्या नोटा मोजता मोजता म्हणाला,
'बाई, नाम तो किसी का नहीं है इसमें,
पर सवारी बैठते ही नाम ले देती है.'
मी व्हाउचर लिहिलं : मतदार प्रबोधन, वाहनभाडे.
त्यानं अंगठ्याला शाई लावली,
मी वर बघितलं नाही.

मला कळत नव्हतं असं नाही.
मला पेन्शन नाही.

मार्चअखेरीला ऑडिटर आले, चहा घेतला,
बशीत बिस्किट तसंच ठेवून गेले.
बेरजा जुळल्या. बेरजा जुळतातच.

मग एका दुपारी टेंबेबाईंची नात आली.
आजीनं विचारलंय, म्हणाली, काच बसली का?
मी खातं उघडलं. पान उलटलं, परत उलटलं.
ताकात मीठ पडावं तसे एक्कावन्न
अकरा लाखांत कुठे विरले
दाखवता येईना.
'बसवू,' म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी वाचनालयात गेले.
खिडकीला कोणी उरलेला फलक ठोकलाय,
मजकुराची बाजू आत.
किल्ल्याकडून वारा सुटला की तो पोट फुगवतो,
खिळे कुरकुरतात,
खाली पोरी भूगोलाचं पाठ करत बसलेल्या.
एकीनं मान वर करून मोठ्यानं वाचलं,
'सोचकर—'
पुढचं कपाटाआड होतं.

येताना काचवाल्याकडे थांबले.
तीनशे चाळीस सांगतो.
बसवायचे वेगळे.