खापराच्या मापाची

लोक मेकॅनिक घेऊन येतात, मुश्ताकभाई म्हणाले,
तुम्ही खापर घेऊन आल्या.

गोधडीत गुंडाळलेलं ते मी रिक्षातून उतरवलं
जळगावात, अजिंठा चौफुलीजवळच्या आवारात,
जिथे पंधरा-सोळा गाड्या
कपाळावर चुन्यानं साल लिहून
बघायच्या कार्यक्रमाला बसवल्यासारख्या उभ्या होत्या.
चैत्राचं ऊन. पत्र्याला हात लावला की चटका.

हे टायर दाबत होते.
बॉनेटमध्ये डोकं घालून हं म्हणत होते,
काही कळत नसलं की हे असंच हं म्हणतात.
पुण्याहून प्रफुल्ल फोनवर, किती चाललीय, बाबा?
इंजिनाचा आवाज ऐकवा.
मी म्हटलं, डिकी उघडा.

पहिली पांढरी, धुऊनपुसून ठेवलेली.
डिकीत गॅसची टाकी,
जावयासारखी ऐसपैस आडवी.
किलोला सव्वीस जाते, ताई.
जाऊ द्या. माझं खापर कुठे बसेल?
मांडीवर, मुश्ताकभाई हसले.

मांडीवर.
सतरा वर्षं मांडीवरच नेलंय, भाऊ.
यावल, फैजपूर, सावदा, जिथे लग्न तिथे.
चोपड्याच्या एसटीत कंडक्टरनं
त्याचं अर्धं तिकीट फाडलं, जागा मात्र दिली नाही.
एक फुटलं किनगावच्या स्टँडवर,
कुणाच्या तरी ट्रंकेचा कोपरा लागून.
त्या दिवशी अडावदला उसन्या खापरावर मांडे केले.
ते कुठे तापतं, कुठे रुसतं
हे ज्या घरचं त्या घरालाच ठाऊक.
कोपरापर्यंत पसरलेला मांडा टाकावा
आणि मधूनच उसवावा, असे तीन.
नवरदेवाच्या काकूनं मोजले.

दुसरी लाल, तोंड निमुळतं.
खापर आत गेलं, पराती बाहेर.
तिसरीत सगळं गेलं, झाकण लागेना.
दोरीनं बांधून घ्या ना, मावशी,
मुश्ताकभाईंचा पोरगा म्हणाला.
सुटलेली दोरी त्यानं अजून पाहिली नसावी.

चौथी भिंतीकडे तोंड करून उभी होती.
दाराला पोचा, दुसरा मालक, दोन हजार तेरा.
टप उंच. मागची सीट खटका ओढला की पुढे झोपत होती,
आणि डिकीतल्या सतरंजीवर
केळीच्या चिकाचे काळे डाग,
घासून न जाणारे.
म्हणजे इथे आधीही कुणी ओझं वाहिलंय.
मला बरं वाटलं.

खापर ठेवलं. त्याच्या पोटात चाळण, पुरणयंत्र,
कडेला पराती उभ्या, फटीत गोधडी.
लाव झाकण, हे म्हणाले.
लावलं. लागलं.
उघडून पुन्हा लावलं.
तिसऱ्यांदा नुसतं आवाजासाठी.

एक पासष्ट, मुश्ताकभाई म्हणाले.
हे हं म्हणायच्या आत मी म्हटलं, एक चाळीस,
आणि ईद झाली की एक दिवस
तुमच्या घरी मांडे. लाकडं तुमची.
बरंच बोलणं झालं, चहा झाला,
पन्नासला तुटलं.
लाकडं तरी त्यांचीच राहिली.

नशिराबादच्या गतिरोधकावर
ह्यांनी गाडी अशी उतरवली
की मागून खापराचा शब्द आला नाही.
इतकं हळू हे कधी कशावरून उतरले नव्हते.
माझे हात मांडीवर, रिकामे.
त्यांचं काय करावं कळेना.
भुसावळ येईपर्यंत मी पर्स धरून बसले,
दोन्ही हातांनी, बुडाखालून.

रंग कोणता घेतला गं? जाऊबाईंनी ओट्यावरून विचारलं.
मी उतरून बघितला.